ताराक्काचं ‘होना’

ताराक्काला काही हवंसं वाटलं की ते आधी तिच्या पायांना कळायचं. तोंडातून शब्द निघायच्या आत तिच्या डाव्या पायातली चप्पल टाचेवर फटफट वाजायला लागायची, मग उजव्या पायातली. मग साठी केव्हाच ओलांडलेली ती गोल, बुटकी बाई अंगणातल्या अंगणात दोन येरझारा घालायची आणि माझ्या जिन्याच्या तळाशी येऊन ओरडायची, “अनघा! अगं खाली ये लवकर! मला एक गोष्ट होना!”

‘होना’ हा हैदराबादचा शब्द. इथली दख्खनी बोलणारी माणसं ‘मेरेकू चाय होना’ म्हणतात, म्हणजे मला चहा पाहिजे. मी पुण्याहून नोकरीसाठी नवी नवी आले होते तेव्हा ऑफिसच्या कँटीनमधला माणूस रोज मला विचारायचा, “क्या होना, मैडम?” आणि मला वाटायचं, हा मला आयुष्यात काय व्हायचंय ते विचारतोय. दोन दिवस मी त्याच्याकडे नुसती बघत उभी राहिले होते.

ताराक्काच्या घरी भाड्याची जागा बघायला गेले तेव्हा तिनंही हाच प्रश्न विचारला. तारनाक्याला, विद्यापीठाच्या बाजूच्या एका शांत गल्लीत तिचं दुमजली घर होतं. खाली ती आणि अण्णा, म्हणजे तिचे यजमान. वरच्या दोन खोल्या भाड्याला. अण्णा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, उंच, सडपातळ आणि अतिशय कमी बोलणारे. ते पडवीतल्या झोपाळ्यावर बसले होते. ताराक्का पायरीवर चिंचेचा कोवळा पाला निवडत होती.

“तुला काय होना?” तिनं विचारलं.

“दोन खोल्या, चोवीस तास पाणी, आणि स्वयंपाकघराला खिडकी हवी,” मी म्हणाले.

“ते घराचं झालं गं. तुला काय होना?”

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. माझ्या वहीत पुढच्या पाच वर्षांची उद्दिष्टं ओळीनं लिहिलेली होती, पण त्यातलं एकही त्या पायरीपाशी उभं राहून मोठ्यानं सांगावंसं वाटेना. झोपाळा हलकेच कुरकुरला आणि अण्णा म्हणाले, “बसू दे की तिला आधी.”

“बस बस. ठीक आहे, विचार करून सांग. तोवर राहा वर.”

अशी मला जागा मिळाली. मी “ताराक्का, तुम्ही” असं म्हणायला गेले, तर तिनं हातातली पाल्याची डहाळी माझ्यावर उगारली. “अहो-जाहो नक्को. इथं तेलुगू माणसं पण मला अक्का म्हणतात, मराठी पण अक्का म्हणतात. ए ताराक्का म्हण.”

तिचं माहेर नांदेडकडचं, शेतकरी कुटुंब. सासरची तिसरी पिढी हैदराबादेत नांदत होती, त्यामुळे तिच्या मराठीत मराठवाडा, दख्खनी आणि तेलुगू एकाच ताटात वाढलेले असायचे. या सगळ्या भाषांमधल्या मागण्याच्या शब्दांवर तिचा अभ्यासच होता म्हणा ना. एकदा मी तिच्यापाशी सहज म्हणाले, “मला थोडं विरजण हवंय.” ती वाटी हातात धरून मला शिकवायलाच बसली.

“तुमच्या पुण्याचं हे ‘हवं’ बघ. हवेसारखं! फुंकर मारली की गेलं. आमच्या गावाकडं ‘पायजे’ म्हणतात. त्यात पाय आलाय, आपटायचा. तेलुगूतलं ‘कावाली’ म्हणजे कसं, अर्ज लिहून खिडकीत दिल्यासारखं. पण ‘होना’! होना म्हणजे पायजे पण, आणि होना म्हणजे होणं पण. मला जे होना, ते मी व्हायलीच थोडी थोडी. कळलं?”

“विरजण?” मी विचारलं.

“हौ, तू आता थोडी दही झालीस,” ती म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की विरजण सांडलं.

तिच्या इच्छा दुकानात मिळणाऱ्या नसायच्या. साड्या, दागिने, मोठा टीव्ही यांतलं तिनं काही मागितल्याचं मला आठवत नाही. “दुकानात टांगलेलं होना वाटायला डोकं लागत नाही,” असं ती म्हणायची. एकदा तिला गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव माहीत व्हायला हवं होतं आणि नावं नव्हती त्यांना द्यायची होती. एकदा तिला पोस्टमनच्या सायकलमागे बसून पूर्ण फेरी मारायची होती. त्या भल्या माणसानं ती मारू दिली, आणि परत आल्यावर ती आठवडाभर कुणाच्या घरासमोर कुठलं झाड आहे तेच सांगत होती. आणि एकदा तिला पाण्यावर पडायचं होतं.

“पोहायचंय तुला?” मी विचारलं.

“पोहून कुठं जायचंय मला? नुसतं पडायचंय. आभाळाकडं तोंड करून. म्हशी कशा पडतात, तशी.”

“म्हैस उताणी पडत नाही,” झोपाळ्यावरून अण्णा म्हणाले.

“मग मी पहिली!”

जवळच्या जलतरण तलावावर सकाळी अकरानंतर बायकांची वेळ असायची. पण पोहण्याचा पोशाख तिच्या मापाचा मिळेना, आणि मिळाला तो घालायला ती तयार होईना. मग आम्ही मलकपेठेला मुनीरभाईंकडे गेलो. मुनीरभाई शाळेचे गणवेश शिवायचे. ताराक्कानं हातवारे करून त्यांना समजावलं की सलवार-कमीझ होना, पण पाण्यात अंगाला धरून राहणारी होना. मुनीरभाईंनी टेप गळ्यात टाकली, चष्मा वर केला आणि गंभीरपणे विचारलं, “अम्मा, मछली का नाप कैसे लेना?”

त्यांनी शाळेच्या निळ्या कापडाचा एक भक्कम अंगरखा शिवून दिला. पहिल्या दिवशी ताराक्का पायऱ्या उतरून पाण्यात शिरली, आणि त्या अंगरख्यात हवा भरून तो फुग्यासारखा वर आला. ताराक्का मधोमध, भोवती निळा घुमट. ती हात-पाय न हलवता तरंगायला लागली. “जमलं! अनघा, जमलं गं!” ती ओरडली.

शिकवणारी मुलगी काठावरून म्हणाली, “आंटी, तुम्ही नाही तरंगत, तुमचा ड्रेस तरंगतोय.”

हे ऐकून ताराक्काला हसू फुटलं. हसताना तोंड उघडलं, पाणी आत गेलं, आणि ती घुमटासकट खाली. दोघींनी तिला ओढून बाहेर काढली तेव्हा ती खोकत होती आणि खोकता खोकता हसत होती.

मुनीरभाईंनी अंगरख्याला कडेनं रबर घातलं. आता हवा शिरेना, पण हसण्याचं काय करायचं? पाठीवर पडून कान पाण्यात गेले की तिला गुदगुल्या व्हायच्या, आणि हसली की बुडायची. दीड महिना हेच चाललं. एके दिवशी मी सुट्टी काढून तिच्याबरोबर गेले होते. ती पाण्यावर आडवी झाली, डोळे मिटले, ओठ घट्ट आवळले, आणि राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. शिकवणारी मुलगी टाळ्या वाजवायला लागली तर मी तिला खुणेनं गप्प केलं. ताराक्काच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तलावात ते कुणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी तिनं अंगरखा धुऊन, घडी करून त्या मुलीला देऊन टाकला. पुन्हा तलावाकडे फिरकली नाही.

“अगं, इतक्या कष्टानं शिकलीस आणि सोडलंस?” मला वाईट वाटत होतं.

“सोडलं कुठं? झालं ते माझं. आता पाठीवर झोपले तरी पाणी लागतं खाली,” ती म्हणाली. “झालेलं पुन्हा पुन्हा कामून धरून बसायचं? हात मोकळा होना, पुढचं धरायला.”

मला हे पटलं नाही. मी मिळालेलं जपून ठेवणाऱ्यांतली. पण त्याच आठवड्यात मी जिन्यावर थांबून तिला सांगितलं, “ताराक्का, तू विचारलं होतंस ना? मला बुधवारी दुपारी झोपायचंय. ऑफिस चालू असताना.” एवढ्या दिवसांत मला सापडलेली एकुलती एक खरी इच्छा ती. मी लाजले होते. ताराक्कानं दोन्ही हातांनी माझे गाल धरले. “मग झोप की गं बाई!” पुढच्या बुधवारी मी रजा टाकली आणि झोपले. खाली गल्लीतनं कुणी भोंगा वाजवत आलं तर ती फाटकात उभी राहून त्याला हळू जायला सांगत होती, असं नंतर अण्णा म्हणाले.

अण्णांना मात्र काही नको असायचं. दहीभात, लोणच्याची फोड आणि झोपाळा. दिवाळीला काय आणू विचारलं तर “नको”, फिरायला कुठं जाऊ या विचारलं तर “इथं बरंय.” ताराक्का सगळ्यांना सांगायची, “ह्यांना काही होना नसतं, म्हणून मला दोघांचं मागावं लागतं.” एकदा ती घरात नव्हती तेव्हा मी अण्णांना विचारलं, की खरंच तुम्हाला कधी काही हवंसं वाटत नाही का? त्यांनी झोपाळ्याला पायानं रेटा दिला. मग म्हणाले, “हिला आता काय सुचतंय, ते ऐकायला हवं असतं.” आणि स्वतःच एवढं बोलल्यानं दचकल्यासारखे होऊन आत निघून गेले.

आमच्या भागातल्या सभागृहात एका रविवारी सकाळी एका व्याख्यात्यांचं बोलणं होतं. त्यांचं नाव सबनीस. पन्नाशीचे, पांढरा झब्बा, आवाज मऊ. विषय होता ‘टिकणारं सुख’. ताराक्का पहिल्या रांगेत. सबनीसांनी छान समजावून सांगितलं. एक इच्छा पुरी झाली की दुसरी येते, मन कधी भरत नाही, म्हणून इच्छेचीच दोरी कापली की जे उरतं ते टिकतं. लोक माना डोलावत होते. मग ते म्हणाले, सर्वांनी डोळे मिटावेत, आपली एक इच्छा शोधावी आणि ती हलकेच सोडून द्यावी. दहा मिनिटं सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा होता.

डोळे उघडल्यावर त्यांनी एकेकाला विचारलं. कुणी मोबाइल सोडला होता, कुणी गोड खाणं, एका गृहस्थांनी मोठ्या भावाशी बरोबरी करणं सोडलं होतं. मग ताराक्काची पाळी आली.

“मी एक सोडायला बसले,” ती उभी राहून प्रामाणिकपणे म्हणाली, “तर तिच्या मागं आणखी दोन सापडल्या. लई चांगल्या आहेत.”

सभागृह हसलं. सबनीसही हसले, पण थोडे अडखळले. म्हणाले, “पण ताई, असं सुख टिकत नाही.”

“टिकायला सुख काय लोणचं आहे का?” ताराक्का म्हणाली. “भाजीसारखं असतंय ते. रोजच्या रोज ताजं आणायचं.” आणि मग, तिची सवयच ती, त्यांनाच विचारलं, “तुम्हाला काय होना?”

सबनीसांनी आधी नेहमीचं काहीतरी उत्तर दिलं. शांती वगैरे. ती बसेना. “ते व्याख्यानाचं झालं. तुम्हाला काय होना?” शेवटी चहाच्या वेळी ते तिच्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मला शीळ वाजवायची असते. शाळेत फार छान वाजवायचो. पण आता व्याख्यानाला येणाऱ्यांसमोर कशी वाजवणार?”

त्याच दुपारी सबनीस तिच्या स्वयंपाकघरात होते. ताराक्का भाकरी थापत होती, आणि पांढऱ्या झब्ब्यातले ते गृहस्थ पाटावर मांडी घालून अशी काही शीळ घालत होते की खिडकीवर दोन साळुंक्या येऊन बसल्या. ताराक्कालाही शीळ घालायची होती. तिच्या तोंडातून नुसती हवा आणि भाकरीचं पीठ येत होतं. झोपाळ्यावरून अण्णांनी, काही न बोलणाऱ्या अण्णांनी, एकच लांब, सरळ, रेल्वेची म्हणावी अशी शीळ घातली. “अहो!” ताराक्का पिठाचे हात घेऊन पडवीत धावली. “चाळीस वर्षं झाली की, मला कधी ऐकवली नाही!”

“तू थांबलीस कधी?” अण्णा म्हणाले.

सबनीस पुढे दर रविवारी यायला लागले. व्याख्यानंही देत राहिले. फक्त इच्छेच्या दोरीजवळ आले की जरा घाई करायचे.

ताराक्काला मी नेहमी अशी खिदळतच बघितली असं म्हणायचं कारण नाही. एकदा मी तिला म्हणाले होते, की तुझ्यासारखं सगळ्यांनीच मागत सुटलं तर? तेव्हा तिनं हातातलं काम खाली ठेवलं. तिची आणि अण्णांची मुलगी मंजिरी कुकटपल्लीला राहायची, पुठ्ठ्याची खोकी बनवायचा छोटा कारखाना चालवायची. तिची गोष्ट ताराक्कानं मला तेव्हा सांगितली.

“ही डॉक्टर होना, असं माझ्या डोक्यात बसलं. तिच्या नव्हे, माझ्या. दोन वर्षं मी तिला टेबलाला बांधल्यागत ठेवली. खेळ बंद, मैत्रिणी बंद. घरात हसणं म्हणून ऐकू आलं नाही. मिळाली अॅडमिशन. मी गल्लीभर पेढे वाटले. पोरगी घरी आली आणि आठ दिवस झोपली. उठली तेव्हा म्हणाली, ‘आई, तुझं झालं का? आता मी जाऊ?’ अन् गेली. चार महिन्यांत कॉलेज सोडलं, दीड वर्ष माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून ठरवलं. दुसऱ्यानं काय व्हावं, ते माझं होना नव्हे. माझं मी मागीन. दुसऱ्याला फक्त विचारीन.”

आता मंजिरी आईसारखीच मोठ्यानं हसते. कारखान्यात यंत्राच्या आवाजावर तिचं हसणं ऐकू येतं. पण ती घरी आली की ताराक्का तिला जेवणाचासुद्धा आग्रह करायची नाही. ताट मांडून बाजूला उभी राहायची.

मी तिथं राहून चार वर्षं झाली होती. एका दुपारी अण्णा दहीभात खाऊन झोपाळ्यावर आडवे झाले ते उठले नाहीत. ताराक्का शेजारी बसून त्यांना सांगत होती की तिला गच्चीवर मधमाश्या पाळायच्या आहेत. बरंच बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की झोपाळा हलत नाहीये.

त्यानंतरची ताराक्का मला ओळखू येईना. ती रडत नव्हती. जेवायला दिलं तर जेवत होती, कुणी आलं तर बोलत होती. पण तिच्या चपला वाजत नव्हत्या. जिन्याखालून हाक येत नव्हती. मी ऑफिसातून येताना गरम इराणी बिस्किटं आणली, गजरा आणला, मधमाश्यांची माहिती छापून आणली. “काय होना, ताराक्का?” मीच विचारायला लागले. ती नीट, शांतपणे उत्तर द्यायची, “काही नक्को गं.” सबनीस आले, शीळ न घालता बसून गेले. मुनीरभाई मलकपेठेहून आले. मंजिरीनं तिला कुकटपल्लीला नेऊ का विचारलं. “ने. इथं काय अन् तिथं काय,” ताराक्का म्हणाली. ते ऐकून मंजिरी माझ्या खोलीत येऊन रडली. म्हणाली, “आई नाही म्हणाली असती तरी चाललं असतं गं.”

मला एकच गोष्ट सारखी टोचत होती. सबनीस जे सांगत होते, इच्छा सुटली की शांती, ते सगळं तिच्यात दिसत होतं. आणि ते पाहवत नव्हतं.

एकदा मी तिच्याजवळ पायरीवर बसले असताना ती आपणहून बोलली. “मला वाटायचं, मीच मागते. पण मागायला मजा यायची ती हे ऐकायचे म्हणून. आता कुणाला सांगायचं?” झोपाळ्यावर कुणी बसत नव्हतं. त्यावर अण्णांचा पंचा तसाच घडी घालून ठेवला होता.

आमच्या गल्लीत यादम्मा भाजीची गाडी घेऊन यायची. तेलंगणातल्या खेड्यातली, हडकुळी, तोंडात पान. बारा-तेरा वर्षं ती फाटकाशी थांबून एकच हाक द्यायची, “एम् कावाली अम्मा?” काय पाहिजे? अण्णा गेल्यावर ताराक्का रोज मान हलवून नको म्हणायची, आणि तरीही यादम्मा रोज थांबायची, विचारायची, पुढे जायची. दीड महिना.

एका सकाळी गाडीच्या चाकांचा आवाज आला, पण हाक आली नाही. मी जिन्यात चप्पल घालत होते. यादम्माचा घसा पार बसला होता. ती फाटकाशी उभी राहिली, तोंड उघडलं, नुसती फुसफुस झाली. मग तिनं हाताचा पंजा उलटा-सुलटा करून विचारलं. ताराक्का तिच्याकडे बघत राहिली. मी पाहिलं, तिचे ओठ हलले.

“नीकेम् कावाली?” ताराक्का म्हणाली. तुला काय पाहिजे?

यादम्मा गोंधळली. तिला कुणी हे विचारलं नसावं. तिनं गाडीवरच्या वांग्यांकडे बघितलं, स्वतःच्या पायांकडे बघितलं, आणि मग बोट लांब करून पडवीतला झोपाळा दाखवला. फुसफुसत म्हणाली की इतकी वर्षं बघतेय, एकदा बसायचंय.

ताराक्का उठली. झोपाळ्याजवळ गेली. पंचा उचलला, खांद्यावर टाकला. “रा,” ती म्हणाली. ये.

यादम्मा अंग चोरून कडेला बसली. पाय जमिनीला टेकलेले. ताराक्कानं हलका झोका दिला. यादम्मानं पाय उचलले. आणखी एक झोका. मग यादम्माच्या तोंडातून, आवाज नसलेल्या त्या घशातून, एक किंकाळी निघाली, लहान मुलीची असते तशी, आणि ती हातानं आणखी उंच झोका मागायला लागली. ताराक्का मागून ढकलत होती. मग ढकलता ढकलता तीही उडी मारून शेजारी बसली. दोघी मिळून पायांनी रेटे देत होत्या. कड्या करकरत होत्या. साड्या उडत होत्या. गल्लीतली एक बाई थांबून यादम्माच्या गाडीवरचे टोमॅटो निवडत होती, आणि यादम्मा वरूनच भाव सांगायचा प्रयत्न करत होती, पण शब्द फुटत नव्हता. ताराक्का तिच्या वतीनं ओरडत होती. “थांबा! आत्ता बंद आहे दुकान! तिला झोका होना!”

मी त्या दिवशी ऑफिसला उशिरा पोहोचले. जिन्यातच बसून राहिले होते.

ते एकदम जुन्यासारखं झालं, असं नाही. काही दिवस तिला इतरांच्याच इच्छा सापडत होत्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला काय होना, समोरच्या पेन्शनर बाईंना काय होना. संध्याकाळी ती ते मला येऊन सांगायची, आणि सांगताना अधूनमधून रिकाम्या झोपाळ्याकडे वळायची. मग एका शनिवारी मी वर केस पुसत होते आणि खाली अंगणात फट्, फट् असा आवाज आला. मी टॉवेल टाकून पळत सुटले. “अनघा! मंजूच्या कारखान्यातल्या सगळ्यात मोठ्या खोक्यात मला बसायचंय! झाकण लावून!” आम्ही दोघी मेट्रोनं कुकटपल्लीला गेलो. मंजिरीनं फ्रिजचं खोकं काढलं, आईला आत बसवलं, झाकण लावलं. आतून बराच वेळ काही आवाज नाही. मंजिरी घाबरून झाकण उघडायला वाकली, तर आतून हुकूम आला, “उघडू नक्को! मी आत्ता पार्सल आहे!” कामगार बायका हसून यंत्रावर पडल्या. मंजिरी खोक्याला मिठी मारून हसत होती.

दोन वर्षांनी माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी ताराक्का पोटभर रडली, मीही. दुपारी चारला गाडी आली. ती फाटकाशी उभी होती. हातात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात माझ्यासाठी डबल का मीठा, पाकात मुरवलेला पावाचा गोड पदार्थ. “विमानात उघडू नको, पाक सांडेल. घरी जाऊन खा. आणि डबा परत आण, तेवढं निमित्त...”

एवढ्यात गल्लीच्या टोकाकडून वरात आली. कुणाची ते आम्हाला माहीत नव्हतं. पुढे मर्फावाले, म्हणजे गळ्यात ढोल आणि हातात काठ्या घेऊन हैदराबादची लग्नं हलवून सोडणारे वादक, मागे फुलांनी मढवलेली मोटार, नाचणारी माणसं, फंक्शन हॉलकडे निघालेली. ताल छातीत वाजत होता. मी खाली पाहिलं. ताराक्काची डावी चप्पल वाजायला लागली होती.

“ताराक्का,” मी हात पुढे केला. “डबा.”

“हौ हौ, एक मिनिट,” ती म्हणाली, आणि डबा काखेत मारून फाटकाबाहेर गेली.

मी गाडीत बसले. गल्ली अरुंद, त्यामुळे आमची गाडी वरातीच्या मागे मुंगीच्या पावलानं. चालक आरशातून बघत म्हणाला, “मैडम, फ्लाइट है ना?” मी म्हणाले, “हौ, है.” काच खाली केली. माणसांच्या डोक्यांवरून मला तिचा पांढरा अंबाडा वरखाली होताना दिसत होता. सुटला, वेणी झाली. ती ढोलवाल्याशी काहीतरी बोलत होती, दोन्ही हातांनी. तो हसला आणि त्यानं आपली एक काठी तिला दिली.

चौकात वरात डावीकडे वळली आणि आमची गाडी उजवीकडे. मी मागच्या काचेतून बघत होते, पण आता नुसती धूळ आणि झेंडूच्या पाकळ्या होत्या. ऐकू मात्र बरंच लांबपर्यंत येत होतं. त्या सगळ्या ढोलांच्या गदारोळात एक आवाज स्टीलचा होता.